विमानाच्या एसीतून धुकं का येतं, आणि ते धूर नाही हे कसं ओळखायचं

प्रश्न असा आहे: पावसाळ्यात मुंबईहून विमानात बसलं की सामानाच्या कप्प्यांखालच्या फटींतून पांढरा धूर खाली उतरताना दिसतो. वैमानिकांना कॉकपिटमध्येही कधी कधी तेच दिसतं. एसी हवा कोरडी करतो म्हणतात, मग एसी चालू असताना धुकं कसं? बिघाड कोणता आणि हवामानाचा परिणाम कोणता, हे कशावरून ठरवायचं?

दिसतं ते पाणी आहे. सूक्ष्म थेंब, आभाळातल्या ढगात असतात तसेच. एसी ते पाणी बाहेरून आणून सोडत नाही. केबिनच्या दमट हवेतलं बाष्प एसीच्या गार हवेमुळे थेंबांच्या रूपात दिसू लागतं. पण हे अर्धंच उत्तर झालं. काही वेळा धुकं एसीच्या यंत्रणेच्या आतच तयार होऊन बाहेर येतं, आणि तेव्हा खरोखर काहीतरी नादुरुस्त असू शकतं. दोन्हींतला फरक ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे धुकं नेमकं कुठून सुरू होतं ते बघणं. हवेच्या झरोक्याच्या तोंडापासून दोन-चार बोटं अंतर मोकळं दिसतं आणि पुढे धुकं धरतं, तर ते केबिनमध्ये बनतंय. झरोक्याच्या तोंडातूनच दाट पांढरी हवा बाहेर पडत असेल, तर ते आत, नळीत किंवा त्याही मागे बनलंय. खालचं सगळं या एका खुणेभोवतीच फिरतं.

आधी केबिनमध्ये बनणारं धुकं. थंडीत सकाळी महाबळेश्वरला बोललं की तोंडातून वाफ निघते. श्वास उबदार आणि दमट, बाहेरची हवा गार. दोघांपैकी कुणातही वेगळं धुकं नाही, पण मिसळल्यावर दिसतं. याचं कारण असं की तापमान वाढेल तशी हवेत बाष्प मावण्याची मर्यादा सरळ रेषेत वाढत नाही, ती झपाट्याने वाढत जाते. एक घनमीटर हवेत 5 अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त 6.8 ग्रॅम बाष्प राहू शकतं, 17.5 अंशांना साधारण 15 ग्रॅम आणि 30 अंशांना 30 ग्रॅम. आता मुंबईतली जुलैतली हवा घ्या: 30 अंश, 85 टक्के आर्द्रता, म्हणजे घनमीटरला जवळजवळ 26 ग्रॅम. तिच्यात 5 अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली गार हवा निम्मी-निम्मी मिसळा. तापमान येईल मध्यावर, 17.5 अंश. बाष्पही मध्यावर येईल, 16 ग्रॅमच्या थोडं वर. पण 17.5 अंशांना मावतं 15. उरलेल्या बाष्पाला जागा नाही, त्यातलं काही थेंब बनून वेगळं होतं. थेंब बनताना उष्णता बाहेर पडते आणि हवा थोडी तापते, त्यामुळे सगळं जादा बाष्प थेंबांत उतरत नाही. तरी घनमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पाणी तरंगायला लागतं. रस्त्यावरच्या दाट धुक्यातही पाणी सहसा याहून जास्त नसतं, म्हणून केबिनमधलं धुकं इतकं ठसठशीत दिसतं.

आता तीच गार हवा मे महिन्यातल्या नागपूरच्या हवेत सोडा. 44 अंश तापमान, 15 टक्के आर्द्रता. निम्मी-निम्मी मिसळली की 24.5 अंश आणि आर्द्रता जेमतेम 36 टक्के. धुक्याचा मागमूस नाही. नागपूरला एसीवर ताण कितीतरी जास्त, तरी धुकं मुंबईला. धुकं उकाड्याचं नसतं, दमटपणाचं असतं. म्हणूनच विमानतळावरच्या हवामान अहवालात तापमानापेक्षा दवबिंदूचा आकडा बघायला हवा. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला ती हवा थंड केली तर पाणी सुटायला लागेल ते तापमान. दवबिंदू 24-25 च्या वर असेल तर बोर्डिंगच्या वेळी धुकं दिसणार असं धरूनच चालावं. 12 च्या खाली असेल आणि तरी धुकं दिसलं, तर दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

धुकं झरोक्यापासून थोडं पुढे का धरतं, हेही यातूनच कळतं. झरोक्याच्या तोंडाशी हवा गार असते पण अजून मिसळलेली नसते. काठाकाठाने ती केबिनच्या हवेत मिसळायला लागते, तिथे धुकं धरतं. आणखी पुढे गेल्यावर केबिनच्या हवेचं प्रमाण इतकं वाढतं की थेंब पुन्हा विरून जातात. त्यामुळे फटीखाली एक पांढरा पडदा लोंबतोय असं दिसतं, तो जड असल्यामुळे खाली उतरतो, आणि प्रवाशांच्या डोक्यापर्यंत येईतो नाहीसा होतो. हात धरला तर गार आणि किंचित ओलसर लागतो, वास नसतो.

आता हवा कुठून येते ते पाहू, कारण दुसऱ्या प्रकारचं धुकं समजायला ते लागतं. बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, जमिनीवर असताना एपीयूमधून (विमानाच्या शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), दाबाखाली आणि तापलेली अशी घेतली जाते. तिला ब्लीड एअर म्हणतात. इंजिनाकडून पॅकपर्यंत येताना ती साधारण 200 अंशांची असते. (बोइंग 787 मध्ये इंजिनातून हवा घेत नाहीत, विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर असतात, पण पुढची तत्त्वं तीच.) पॅक म्हणजे विमानाच्या पोटात बसवलेलं हवा गार करणारं यंत्र. त्यात घरच्या एसीसारखा गॅस नसतो, हवेलाच दाबून आणि प्रसरण पावू देऊन गार करतात. आधी पहिला हीट एक्स्चेंजर, तिथे बाहेरून घेतलेली हवा तिला थंड करते. मग कॉम्प्रेसर दाब वाढवतो, तापमान पुन्हा चढतं. मग दुसरा हीट एक्स्चेंजर. शेवटी टर्बाइन: दाबातली हवा त्यावर काम करते, दाब सोडते आणि झपाट्याने गार होते. तो टर्बाइन त्याच दांड्यावरून कॉम्प्रेसर फिरवतो.

पाणी कुठे काढायचं, हा या यंत्राचा खरा प्रश्न. मुंबईच्या त्या हवेत प्रत्येक किलोमागे 23 ग्रॅम बाष्प असतं. एका पॅकमधून सेकंदाला अर्धा किलो हवा जाते असं धरलं, तर दोन मिनिटं पुरी होण्याआत लिटरभर पाणी वेगळं करावं लागतं. गाडीच्या एसीत गार नळीवर पाणी सुटतं आणि खाली रस्त्यावर टपकतं. इथे टर्बाइनमध्ये हवा क्षणार्धात गार होते, पाण्याला नळीवर बसायला वेळच मिळत नाही. ते अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपात हवेतच राहतं. म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडणारी हवा हीच मुळात धुकं असते.

जुन्या रचनेत, 737-200, 737-300 किंवा डीसी-9 सारख्या विमानांत, टर्बाइननंतर वॉटर सेपरेटर असतो. त्यात कापडी पिशवी असते. तुषार कापडातून जाताना एकमेकांना चिकटून मोठे थेंब होतात, मग फिरत्या हवेच्या झोतात ते बाजूला फेकले जाऊन खाली जमतात. अगदी बारीक तुषार मात्र कापडातून निसटतात, त्यामुळे या विमानांत दमट दिवशी झरोक्यातूनच हलकं धुकं येणं हे पुष्कळदा रचनेचाच भाग असतं. या रचनेची दुसरी अडचण बर्फ. टर्बाइननंतरची हवा शून्याखाली गेली तर पिशवी गोठेल, म्हणून तिथे एक सेन्सर आणि एक झडप असते, ती थोडी गरम हवा मिसळून तापमान 2 अंशांच्या आसपास धरून ठेवते.

ही झडप किंवा सेन्सर बिघडला की लक्षणं ठरावीक क्रमाने दिसतात. आधी हवेचा जोर कमी होतो, कारण पिशवीवर बर्फ बसतो. मग सेपरेटरची बायपास झडप उघडते, आणि न गाळलेले तुषार सरळ केबिनमध्ये येतात: एकदम दाट धुकं, कधी बर्फाचे बारीक कणही. कोणी तापमान वाढवलं की बर्फ वितळतो आणि झरोक्यांतून पाणी शिंपडल्यासारखं उडतं. पिशवी नुसती मळलेली असली तरी बायपास उघडतोच. फरक एवढाच की मळलेल्या पिशवीत हा त्रास सतत राहतो, आणि बर्फाचा त्रास पॅक बंद करून दहा मिनिटांनी लावला की तात्पुरता जातो. बहुतेक सेपरेटरवर पिशवी तुंबल्याची खूण दाखवणारी तबकडी असते. पावसाळा सुरू होण्याआधी ती पाहून पिशवी बदलून टाकणं, नंतर महिनाभर तक्रारी ऐकण्यापेक्षा कितीतरी बरं.

ए320 किंवा 737-800 सारख्या विमानांत पाणी टर्बाइनच्या आधीच, दाब जास्त असतानाच काढतात. ही मला आवडणारी रचना आहे, कारण तिच्यामागचा विचार फार साधा आहे. हवा दाबाखाली असेल तर पाणी जास्त तापमानालाच सुटतं. दुसऱ्या हीट एक्स्चेंजरनंतर हवा कंडेन्सरमध्ये जाते, तिथे टर्बाइनमधून निघालेली गार हवाच तिला गार करते. पाणी मोठ्या थेंबांत सुटतं, पुढचा एक्स्ट्रॅक्टर हवेला भोवऱ्यासारखी फिरवून ते भिंतीवर फेकतो. मग रीहीटर हवा थोडी तापवतो, म्हणजे उरलेसुरले थेंब टर्बाइनच्या पात्यांवर आदळत नाहीत. काढलेलं पाणी वाया जात नाही. ते एका बारीक नोजलमधून हीट एक्स्चेंजरच्या आधी बाहेरच्या हवेत फवारतात, आणि त्याच्या बाष्पीभवनाने एक्स्चेंजर आणखी थंड होतो.

आकड्यांत बघा. एक्स्ट्रॅक्टरपाशी दाब साडेतीन बार (एक बार म्हणजे साधारण जमिनीवरच्या हवेचा दाब) आणि तापमान 20 अंश असेल, तर किलोमागे 23 ग्रॅममधलं फक्त 4 ग्रॅमच्या आसपास बाष्प पुढे जातं. केबिनच्या दाबाला त्या हवेचा दवबिंदू 1-2 अंश होतो. झरोक्यातून ती 4 अंशांनी आली तरी तिच्या आत धुकं नसेल. पण तेच तापमान 20 च्या ऐवजी 30 अंश असेल, तर पुढे साडेसात ग्रॅम जातात आणि दवबिंदू 10 अंशांवर चढतो. आता नळीतली हवा 10 अंशांच्या खाली गेली की धुकं नळीतच बनतं. हे दहा अंश कुठून वाढतात? हीट एक्स्चेंजरच्या पापुद्र्यांत धूळ, कीटक, कापसासारखा कचरा बसल्याने. बाहेरची हवा घेणारं दार अर्धवट उघडत असल्याने. पाणी फवारणारं नोजल तुंबल्याने. शेवटचं कारण दुहेरी त्रास देतं: एक्स्चेंजरला मिळणारा गारवा जातो, आणि एक्स्ट्रॅक्टरमधलं पाणी निघायला वाट नसल्यामुळे साचून टर्बाइनकडे ओढलं जातं. नोजल ही नखाएवढी वस्तू असते, पण धुक्याच्या तक्रारीवर मी सर्वांत आधी तिथेच बघायला सांगेन. काढून, स्वच्छ करून, पाण्याची धार नीट फवाऱ्यासारखी पडते का ते पाहायचं. नुसती फुंकर मारून भागत नाही. मग निचऱ्याची नळी, मग एक्स्चेंजर, मग तापमानाचे सेन्सर. पॅकच बदलून टाकण्याची घाई बहुतेक वेळा फुकट जाते, कारण नवीन पॅकलाही तोच तुंबलेला हवेचा मार्ग मिळतो.

पॅक उत्तम चालत असला तरी धुकं येतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. 1-2 अंश दवबिंदूची ती कोरडी हवा झरोक्यातून 4 अंशांनी आली आणि मुंबईच्या हवेत निम्मी मिसळली, तर आर्द्रता 110 टक्क्यांवर जाते, धुकं. हीच हवा 8 अंशांनी आली तर मिश्रण 97 टक्क्यांवर थांबतं; धुकं नाही. चार अंशांचा खेळ. तापमान थोडं वाढवा हा उपाय इतका लवकर लागू पडतो तो यामुळेच.

आणखी एक जागा आहे जिथे धुकं बनतं आणि ती सहसा विसरली जाते: मिश्रणाची पेटी. मोठ्या विमानांत केबिनला जाणारी सगळी हवा ताजी नसते. बरीचशी केबिनमधूनच पंख्याने ओढून, गाळून पुन्हा वापरतात, आणि पॅकमधली गार हवा तिच्यात मिसळते ती या पेटीत. दारं उघडी असताना पंख्याने ओढलेली हवा म्हणजे जवळपास बाहेरचीच दमट हवा. ती गार हवेशी पेटीत मिसळली की धुकं तिथेच धरतं आणि सगळ्या झरोक्यांतून एकदम बाहेर पडतं. पॅक निर्दोष, तरी धुकं झरोक्याच्या तोंडातून. त्यामुळे सुरुवातीची खूण वापरताना ही पुस्ती जोडावी लागते: दारं बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. धुकं विरलं तर ते पेटीत मिसळलेल्या दमट हवेचं होतं. दारं बंद, हवा कोरडी होत आलेली, तरी झरोक्यातून धुकं येतच राहिलं, तर पॅककडे वळा. एकाच पॅकचा संशय असेल तर एक-एक बंद करून पाहता येतं. ज्याच्या बंद होण्याने धुकं थांबतं तो दोषी.

जमिनीवरून जोडलेल्या गार हवेच्या गाडीचंही असंच. विमानाच्या पोटाला जाड पिवळी नळी लावून हवा सोडतात. त्या गाडीच्या गार नळ्यांखालचा निचरा तुंबला की पाण्याचे थेंब हवेबरोबर विमानात येतात, आणि दोष विमानाच्या नावावर लिहिला जातो. नळी काढून पॅक लावल्यावर धुकं गेलं, तर गाडी तपासायची. ही गाडी आणि पॅक एकाच वेळी चालवायचे नाहीत, हेही ग्राउंडच्या लोकांना ठाऊक असलंच पाहिजे. आतल्या एकमार्गी झडपा त्याने खडखडायला लागतात.

आता बोर्डिंगच्या वेळी काय करायचं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: प्रवासी यायच्या आधी विमान तापलेलं असतं, म्हणून प्रवासी आत येताना निवडलेलं तापमान तळाला नेतात. ए320 मध्ये निवडीची नॉब 18 ते 30 अंश चालते. ती 18 ला नेली की नळीतली हवा शून्याच्या जरा वर येऊन ठेपते, आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंची दारं उघडी असतात, जेवणाच्या गाड्या चढत असतात, भिजलेल्या छत्र्या आणि ओल्या बॅगा आत येत असतात. धुक्याला याहून चांगली तयारी होऊ शकत नाही. यापेक्षा प्रवासी यायच्या वीसेक मिनिटं आधी, दारं शक्य तितकी लावून, खिडक्यांचे पडदे खाली ओढून केबिन गार आणि कोरडी करून घ्यावी. प्रवासी येताना तापमान 23-24 वर ठेवावं. उजव्या बाजूचं जेवणाचं दार काम झाल्याबरोबर लावावं, कारण समोरासमोरची दारं उघडी असली की आरपार वारा वाहतो आणि दमटपणाची भरती थांबत नाही.

धुकं दिसलंच तर निवडलेलं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. नळीतल्या हवेत गरम हवा मिसळणारी झडप उघडते, आणि मिनिट-दोन मिनिटांत पडदा विरायला लागतो. प्रवाशांना ते गरम वाटत नाही, कारण दमटपणा कमी होत असतो. हवेचा प्रवाह कमी करण्याचा उपाय सुचवला जातो, पण ए320 मध्ये एपीयूवर असताना पॅक आपोआप जास्त प्रवाहावरच चालतात, तिथे प्रवाहाची नॉब फिरवून काही होत नाही. दारं बंद झाल्यावर बाकीचं काम वेळच करते. उड्डाणात केबिनमधली हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते. त्यातली काही हवा पुन्हा वापरलेली असली, तरी पंधरा-वीस मिनिटांत मुंबईची हवा जवळजवळ पूर्ण बाहेर गेलेली असते. प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून माणशी ताशी पन्नासेक ग्रॅम पाणी हवेत येत राहतं, पण एवढ्या हवाबदलापुढे ते किरकोळ आहे.

केबिन क्रूने मात्र धुकं दिसायला लागताच, कोणी विचारायची वाट न पाहता, सांगावं. मराठीतून, हिंदीतून, साध्या शब्दांत: "बाहेरच्या दमट हवेमुळे एसीच्या हवेत धुकं दिसत आहे, ते पाण्याचं आहे, दारं बंद झाल्यावर जाईल." पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला डोक्यावरून पांढरं काहीतरी उतरताना दिसतं तेव्हा त्याच्या मनात आग सोडून दुसरं काही येत नाही, आणि भरल्या विमानात एकाने "धूर!" म्हणून हाक दिली की पुढचं आवरणं अवघड जातं.

कॉकपिटमधल्या धुक्याचं गांभीर्य वेगळं आहे. जागा छोटी, हवा भरपूर, आणि 737 मध्ये तर कॉकपिटची हवा थेट डाव्या पॅकमधून, मिश्रणाच्या पेटीच्या आधीच येते. तिच्यात केबिनची परत घेतलेली, थोडी उबदार हवा नसते. पॅक जरा जास्त गार झाला की त्याचा परिणाम आधी वैमानिकांच्या समोर दिसतो. आणि नेमक्या वाईट वेळी. इंजिन सुरू करताना पॅक बंद असतात, कारण हवा स्टार्टरला लागते. तेवढ्या वेळात कॉकपिट दमट होतं आणि नळ्यांत पाणी बसतं. पॅक पुन्हा चालू झाले की पहिला लोट धुक्याचा येतो. त्याहून अवघड प्रसंग टेकऑफचा. थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढवला की ब्लीडचा दाब वाढतो, टर्बाइनवर जास्त दाब पडतो, वेग वाढल्याने एक्स्चेंजरमधून बाहेरची हवाही जोरात वाहते, आणि पॅकमधून निघणारी हवा तापमान नियंत्रणाला सावरता येण्याआधीच एकदम गार होते. धावपट्टीवर वेग वाढत असताना उपकरणांसमोर पांढरं काहीतरी पसरणं, आणि ते धूर आहे की पाणी हे दोन सेकंदांत ठरवणं, ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून दमट दिवशी तापमानाची निवड टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान धावपट्टीकडे जात असतानाच, थोडी वर नेऊन ठेवणं हा उपाय आहे; टेकऑफच्या धावेत नॉब फिरवण्याला अर्थ नाही. पॅक बंद ठेवून टेकऑफ केलं असेल तर पॅक चालू करताना, चढाईत, हाच लोट येऊ शकतो. दोघा वैमानिकांनी ते आधी बोलून ठेवावं. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत यासाठी जो क्रम दिला असेल तो या सगळ्याच्या वर.

काचेवरचं धुकं ही निराळी गोष्ट. आतल्या बाजूने काच धुरकटली असेल तर काच तापवणारी वीज आणि काचेकडे जाणारी गरम हवा हा उपाय. 737 मध्ये विंडो हीट टेकऑफच्या किमान दहा मिनिटं आधी लावायला सांगितलेलं असतं. बाहेरच्या बाजूने धुरकटली असेल, म्हणजे वाइपर फिरवल्यावर साफ होत असेल, तर आतून कितीही हवा सोडली तरी उपयोग नाही. हाताने किंवा वर्तमानपत्राने काच पुसू नये, चरे पडतात आणि पुढच्या सूर्योदयाला समोरून प्रकाश आला की प्रत्येक चरा चमकतो. प्रवाशांच्या खिडकीत मधल्या काचेला तळाशी बारीक भोक असतं, त्याच्याभोवती दिसणारी दवाची किंवा बर्फाची नक्षी हा बिघाड नव्हे.

धूर आणि धुकं यांत गोंधळ होऊ नये म्हणून: धुकं खाली उतरतं आणि फुटाभरात विरतं, धूर साधारण वर जातो किंवा तरंगत राहतो आणि दाट होत जातो. धुक्याला वास नसतो; जळकट, रबराचा, किंवा मळलेल्या मोज्यांसारखा वास आला तर तो पाण्याचा नव्हे, आणि त्या मोज्यासारख्या वासामागे इंजिन तेलाची वाफ असू शकते. धुक्याने डोळे चुरचुरत नाहीत. ते एकाच वेळी अनेक झरोक्यांतून येतं. धूर बहुधा एकाच ठिकाणाहून, एखाद्या आसनाच्या, स्वयंपाकघराच्या किंवा पॅनलच्या जवळून. तापमान वाढवून दोन-तीन मिनिटांत काहीच फरक पडला नाही, किंवा धुक्याची वरीलपैकी एखादी जरी खूण जुळली नाही, तर धूर समजूनच वागायचं. इथे चूक करायचीच झाली तर त्याच बाजूची करावी.

उंचावर उडत असताना केबिनमध्ये अचानक धुकं भरलं तर त्याचा एसीशी संबंध नसतो. दाब एकदम गेला की हवा प्रसरण पावून क्षणात गार होते आणि असलेलं थोडं बाष्पही थेंब बनतं. त्याच्याबरोबर कान दडपतात, धडाका किंवा सूं आवाज येतो, आणि केबिनची उंची (आतला दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती उंची) 14,000 फुटांच्या आसपास गेली की मास्क खाली पडतात. हे धुकं काही सेकंदांत जातं. तिथे धुक्याकडे बघत बसायचं नाही, मास्क आधी.

शेवटी लॉगबुक, म्हणजे विमानातल्या बिघाडांची नोंदवही. "केबिनमध्ये धूर दिसला" एवढंच लिहिलं तर इंजिनिअरला विद्युत तारांपासून सगळं उघडावं लागतं, आणि विमान तासन् तास उभं राहतं. "झरोक्यातून धुकं" एवढंही पुरत नाही. लिहायचं ते असं: बाहेरचं तापमान आणि दवबिंदू, दारं उघडी की बंद, हवा एपीयूची, इंजिनाची की ग्राउंडच्या गाडीची, निवडलेलं तापमान किती होतं, धुकं झरोक्याच्या तोंडापासून की थोडं पुढे, सगळीकडे की एकाच भागात, वास होता का, पाणी टपकलं का, कोणता पॅक बंद केल्यावर थांबलं, तापमान वाढवल्यावर किती वेळात गेलं. एवढ्या दहा-बारा शब्दसमूहांत नोजल काढायचं, सेपरेटरची पिशवी बदलायची, की फक्त पुढच्या क्रूला दारं लवकर लावायला सांगायचं, हे ठरून जातं.